तीन सारखे आकडे

“पोळ्याच्या दिवशी नदीला पाणी किती होतं?” फौजदारांनी विचारलं. मी रजिस्टर उघडलं आणि मिनिटभरात उत्तर दिलं. “एक मीटर चाळीस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तिन्ही वेळा. नदी हललेली नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. वर चहाही मागवला. आज त्या चहाची आठवण आली की माझा मलाच राग येतो.

नदी म्हणजे पैनगंगा आणि साल बहात्तरच्या दुष्काळानंतरचं. मी नदीचं पाणी मोजणाऱ्या खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो, साताऱ्याकडून नवाच वाशीमला आलेलो. आमचं काम फार गूढ नव्हतं. घाटावर पाण्यात लाकडी खांब रोवलेला असतो आणि त्यावर मीटरच्या खुणा रंगवलेल्या असतात. त्याला गेज म्हणायचं. गेज रीडर दिवसातून तीनदा जाऊन पाणी कुठल्या खुणेला लागलं ते पाहतो आणि रजिस्टरमध्ये लिहितो. आम्ही दर आठवड्याला जाऊन ‘तपासले’ म्हणून सही ठोकतो. काय तपासले, ते विचारू नका.

पोळ्याच्या दिवशी प्रल्हाद मास्तर आणि त्यांची बायको कमल आमच्या घाटावरून निघाले ते परत कोणाला दिसले नाहीत. मास्तर रिठदकडचे, घाटाजवळच्या गावात शाळेवर होते. हौशी माणूस. ट्रकच्या चार जुन्या ट्यूबा, त्यावर बांबूची चौकट, सुताची दोरी, असा तराफा त्यांनी स्वतः बांधला होता. कमलचं माहेर नदीच्या खालच्या अंगाला, काठावरच. पावसाळ्यात तिकडे एसटी जात नसे आणि गाडीवाटेने चिखलात दिवस मोडायचा. मास्तर म्हणाले, नदीनेच जाऊ, सणाच्या पोळीला दुपारपर्यंत पोचू. कमल पाण्याला भ्यायची. आदल्या दिवशी त्यावरून नवरा-बायकोत चांगलं वाजलं होतं, ते विहिरीवरच्या बायकांनी ऐकलेलं. तरी सकाळी ती बसली.

तिसऱ्या दिवशी तराफा सापडला. दहा-बारा मैल खाली, वाळूवर, सुलटा टेकलेला. उलटलेला नाही, फाटलेला नाही. कपड्यांचं गाठोडं बांधल्या जागी. दोरीत कमलच्या चपला खोचलेल्या. मास्तरांच्या चपला मात्र नव्हत्या.

फौजदारांनी हिशेब मांडला. नदी शांत, तराफा धड, बाईच्या चपला आहेत, बुवाच्या नाहीत. म्हणजे बाई पाण्यात गेली आणि बुवा चपला घालून चालत गेला. कमलच्या आईनेही तेच सांगितलं. “माही पोर नाही म्हनत होती. त्यानंच नेली, त्यानंच बुडवली.” आठ दिवसांत मास्तर पंचक्रोशीत खुनी ठरले. आणि हे सगळं उभं होतं माझ्या एक मीटर चाळीसवर.

दहाव्या दिवशी ऑफिसच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. स्वच्छ धोतर, हातात टोपी.

“जय भीम, साहेब. मी प्रल्हादचा बाप, तुळशीराम.”

मी जय भीम केला, खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

“माह्या पोराले खुनी म्हनून राह्यले. फौजदारसाहेब म्हनते, इंजिनेरानं लिहून देल्लं, नदी चढली नव्हती. खरं हाय का?”

“रजिस्टरमध्ये तसंच आहे, तुळशीरामजी.”

“ते झालं. पन त्या दिवशी पानी पायलं कोनं?”

“गेज रीडरने.”

“तुमी नाही?”

“नाही.”

“त्यानं पायलं, हे तुमाले कोनं सांगतलं?”

मी रजिस्टर पुन्हा उघडलं. म्हाताऱ्याचं समाधान करावं, एवढाच हेतू होता. आणि पहिल्यांदाच ते पान नीट पाहिलं. तीन आकडे, एकच शाई, एकच तिरकेपणा, एका दमात लिहिलेले. पावसाळ्यात नदी दिवसभर एका खुणेवर राहते होय? कॉलेजातलं पोरही हसेल. खाली माझी सही, झोकदार.

मी सायकल काढली आणि तडक घाटावर गेलो. गेज रीडर शेषराव तिथल्याच गावचा शेतकरी. माणूस वाईट नव्हता. गोठ्यात बैलांना चारा टाकत होता.

“शेषराव, पोळ्याच्या दिवशी घाटावर गेला होतात?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पेंढी खाली ठेवली.

“नाही जी. बैलाइले धुतलं ते आदल्या दिवशी. त्या दिवशी शिंगं रंगवली, झुली घातल्या, तोरनाखाली नेले. वर्साचा एक दिवस असते बैलाइचा. घाट राह्यला.”

“आणि आकडे?”

“आदल्या दिवशी एक चाळीस होतं. दुसऱ्या दिवशी एक पंचेचाळीस. म्हनलं, मधात काय फरक पडते?”

“रकाना मोकळा का नाही ठेवला?”

“मोकळा ठेवला का तुमी मेमो देता ना, साहेब!”

थोबाडीत बसावी तसं झालं. खरंच देत होतो. मागच्याच महिन्यात एका रिकाम्या रकान्याबद्दल मी त्याला झापलं होतं.

मग मी काठाने हिंडलो. बाभळीच्या फांद्यांत पुरुषभर उंचीला गवत-काडी अडकलेली होती. म्हणजे कधीतरी पाणी तिथवर आलं होतं. पोळ्याला आलं की आषाढात, ते बाभूळ सांगत नाही. वरच्या डोंगरात पाऊस झाला तर ही नदी दोन तासांत चढते, तराफ्यावरची माणसं ओढून नेते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. तसं झालं असेल. नसेलही. खांब उभा होता, पाहायला माणूस नव्हता.

वरिष्ठांकडे गेलो. डेप्युटी इंजिनिअर फाइलीतून मान वर न करता म्हणाले, “रजिस्टरवर तुमची सही आहे ना?”

“आहे, सर.”

“मग पाणी तेवढंच होतं.”

“सर, पाणी कोणी पाहिलंच नाही.”

“हे तुम्ही लिहून दिलंत तर दहा वर्षांच्या रजिस्टरांवर बोट ठेवलं जाईल. शेषरावची नोकरी जाईल. तुमचं काय होईल, ते तुम्ही बघा.”

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. चार दिवस गप्प बसलो. घरी नवीन संसार होता, बायको नुकतीच आली होती. पाचव्या दिवशी तुळशीरामजी पुन्हा पायरीवर. काही मागितलं नाही, नुसते बसले. दुपार झाली तरी बसलेच. मीच बाहेर गेलो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे नदी चढली का नाही, हे तुमालेबी माहीत नाही.”

“नाही.”

“मंग तेवढंच लिहून द्या.”

“काय?”

“हेच, तुमाले माहीत नाही म्हनून.”

मी लिहून दिलं. एक प्रत पोलीस स्टेशनला, एक त्यांना. फौजदार चिडले. “आता मी काय लिहू?” म्हणाले. शेवटी त्यांनी ‘दोघेही बेपत्ता’ लिहिलं. ते आजही तसंच आहे. ना कमल सापडली, ना मास्तर.

तुळशीरामजींना वाचता येत नव्हतं. मला म्हणाले, “विहीनबाई मले दारात उभं नाही करत. तुमी चाला, तुमी वाचा.” गेलो. चिखल तुडवत अख्खा दिवस लागला. कमलची आई दारात उभी राहिली, हात कमरेवर. मी उभ्यानेच वाचलं: “पोळ्याच्या दिवशी नदीची पातळी कोणीही पाहिलेली नाही. नदी चढली होती किंवा नव्हती, हे या कार्यालयास माहीत नाही. पूर्वीचा जबाब चुकीचा होता.”

“पुन्हा वाचा,” ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

“मंग त्यानं मारली, असं म्हनलं कोनं?” तिने विचारलं.

तुळशीरामजी खाली पाहत होते. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. घेतलं नाही.

“म्याच म्हनलं,” ती म्हणाली आणि ओट्यावर मटकन बसली. रडू लागली. तुळशीरामजी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि तेही रडू लागले. एकीची लेक, एकाचा लेक. मी कागद हातात धरून मूर्खासारखा उभा. थोड्या वेळाने ती उठली, आत गेली आणि व्याह्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आली.

शेषरावची नोकरी गेली. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शेरा पडला, तो रिटायर होईपर्यंत राहिला. त्यानंतर तीस वर्षांत माझ्या हाताखाली जे जे गेज रीडर आले, त्यांना पहिल्या दिवशी मी एवढंच सांगितलं: सण असेल, आजारपण असेल, नाही जमलं तर रकाना कोरा ठेवा. मेमो मी देणार नाही. कोऱ्या रकान्यामुळे कोणाचा मुलगा खुनी ठरत नाही.