पंचवीस डिग्रीची खोली

आठव्या दिवशी कागदाची गुंडाळी उलगडली. शंभर सोयाबीनपैकी एकेचाळीसच धड उगवले होते. पुन्हा मोजले. एकेचाळीसच.

आमची धारवाडची लॅब बियाणं तपासायची. शंभर-शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या, पंचवीस डिग्रीच्या खोलीत ठेवायच्या आणि आठ दिवसांनी निरोगी रोपं मोजायची. याला जर्मिनेशन टेस्ट म्हणतात. सोयाबीनची सत्तर तरी हवीत, नाहीतर बियाणं साधं धान्य म्हणून विकावं लागतं. हा माल कलघटगीच्या बसप्पांचा होता आणि ते बाहेर बाकावर बसले होते.

"अक्कार, पास ना?" बसप्पांनी विचारलं. अक्कार म्हणजे कन्नडमध्ये ताई.

"उद्या या," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

खोलीत आमचं चेक सॅम्पलही असायचं, म्हणजे हमखास उगवणारं, ओळखीचं बियाणं. तेही नापास! हिरेमठ सर गोंधळले. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण साहेब.

"मॅडम, खोलीत काहीतरी गडबड आहे."

"एसी बिघडलाय सर. थंडच होत नाही. मी तीनदा मेकॅनिक बोलावला."

"थंड होत नाही?" आमची असिस्टंट सविता म्हणाली. "मी तर कुडकुडते आत."

ती पंधरा दिवस स्वेटर घालून येत होती. मला वाटायचं, नवीन आहे म्हणून मिरवते. आणि मेकॅनिक काय म्हणाला होता? "जेवढं सांगाल तेवढं थंड करतंय मशीन." मी त्याला उद्धट ठरवून हाकलला होता. शहाणीच ना मी!

सरांनी रजिस्टर काढलं. खोली माझ्या ताब्यात, म्हणून रोजची नोंद माझ्या अक्षरात. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. मग एकीला थंडी, दुसरीला उकाडा आणि बिया गप्प, हे कसं? कुणालाच कळेना. शेवटी सरांनी आत एक वेगळा थर्मामीटर टांगला. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान कितीवर गेलं, ते तो दाखवतो.

दुसऱ्या दिवशी मी दुपारभर चष्मा शोधत होते. पर्स, ड्रॉवर, डबा, सगळं पालथं घातलं. तीन वाजता सर खोलीतून बाहेर आले. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात माझा चष्मा.

"थर्मामीटर सतरा दाखवतोय. रिमोट सोळावर आहे. आणि मॅडम, हा चष्मा रिमोटपाशी होता."

तर त्या वेळची माझी गोष्ट अशी. वय एक्कावन्न, पाळी जायच्या बेतात. चार महिने धड झोप नव्हती. रात्री चुलीपुढे बसल्यासारखं अंग तापायचं आणि डोळा उघडायचा. मी दोष दिला तो आमच्या मळमड्डी भागातल्या कुत्र्यांना आणि यजमानांच्या घोरण्याला. दिवसा भाजी चिरतानाही पेंग यायची. म्हणून जेवणानंतर 'गुंडाळ्या बघून येते' असं सांगून त्या शांत खोलीत स्टुलावर बसायचं, रॅकला डोकं टेकायचं. उकडलं की अर्धवट झोपेत रिमोट दाबायचा. नोंद सकाळी, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे न बघताच.

"करंट जाऊन येऊन होता सर..." जीभ तयारच होती. तेवढ्यात दारातून बसप्पा दिसले. मला बघून ते आशेने उठून उभे राहिले.

"नाही सर. मीच. मी तिथे झोपते. रजिस्टरही न बघता लिहिलंय."

"घरी काही त्रास आहे का?"

आता या माणसाला काय सांगायचं? सविताच म्हणाली, "सर, या वयात होतं. माझ्या आईलाही झालं होतं." सर एकदम रजिस्टर वाचू लागले. उलटं धरलं होतं.

त्या खोलीतली सगळी सॅम्पलं पुन्हा लावली. कारण माझ्याच हाताने लिहून दिलं, मेमोही घेतला. डॉक्टरीणबाईंनी नाडी, रक्त बघून सांगितलं की हे पाळीचंच. दुपारची झोप बंद, संध्याकाळचा चहा बंद, रोज चालायचं. झोप परत आली, पण हप्त्याहप्त्याने.

आठ दिवसांनी बसप्पांचे त्र्याऐंशी उगवले. रिपोर्ट घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "माझं बी जागंच होतं अक्कार. तुम्हीच झोपला होता."

तेव्हापासून एक नियम पाळते. उकडायला लागलं की आधी थर्मामीटर बघायचा. पंचवीसच्या वर असेल तर मेकॅनिकला फोन. पंचवीसच असेल तर डॉक्टरला.