न खेळणारा कर्णधार

देशादेशांच्या सांघिक टेनिस लढतीत दोन-दोन अशी बरोबरी झाली होती. सगळं शेवटच्या सामन्यावर आलं होतं. मी मात्र पाहत होतो कोर्टाशेजारी बाकावर बसलेल्या आपल्या कर्णधाराकडे. हा कर्णधार खेळत नाही. बाजू बदलताना खेळणाऱ्या पोराला टॉवेल द्यायचा, चार शब्द बोलायचे, बस्स. पण प्रत्येक फटक्याला त्याचं रिकामं मनगट वळत होतं.

"अहो, तुम्हीच उतरा की आता!" मागचे काका एवढ्या मोठ्याने ओरडले, की पंचांची खुर्ची हलली.

लेक गाडी शिकायची, तेव्हा शेजारी बसून मीही नसलेला ब्रेक दाबायचो. इतका, की एकदा पायाखालच्या पत्र्याला भोक पडून पाय थेट रस्त्याला लागला. गाडी काही थांबली नाही.

आता हरायला एकच गुण उरला होता. सर्व्हिस करण्याआधी पोराने वळून बाकाकडे पाहिलं. कर्णधाराने हसून मान डोलावली. दुसरं काय करणार?