कुमुदताईच्या पाटल्या

मी जामसांवलीला दर्शनाला जाते, पण तिथे बाया घुमायला लागल्या की पाठ फिरवून बसते. भूत, करणी, नजर... यातलं मी कधी काही मानलं नाही, आजही मानत नाही. तेव्हा पुढचं वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

पांढुर्ण्यात स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. माझ्या मिस्टरांची कापसाची दलाली. घरात तिघंच — हे, मी आणि यांची बहीण कुमुदताई. यांच्याहून धाकटी, पण माझ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणायचे. सौंसरला दिली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. येताना आईने लग्नात घातलेला पाटल्यांचा जोड तेवढा सोबत आणला. तो यांनी "सांभाळायला" म्हणून तिजोरीत ठेवला.

ते दिवस प्रांत फुटायचे. नागपूर आमची राजधानी. आता ते तिकडे मराठी मुलखात जाणार आणि आम्ही मराठी बोलणारी माणसं इकडे हिंदी मुलखातच राहणार, हीच चर्चा प्रत्येक ओट्यावर. ताईला नागपूरला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग करायचं होतं, तेही हद्द बदलायच्या आत.

"दादा, माह्या पाटल्या मोडून दे. मले शिकाचं आहे."

"कायले पायजे तुले ट्रेनिंग? इथं दोन घास भेटून नाही राहिले का?"

विषय संपला.

त्याच सुमारास ताईने वाचनालयातून एक पुस्तक आणलं. फ्रेंच कादंबरीचं मराठी रूपांतर, पुठ्ठा निघालेलं. त्यातला चोर म्हणजे एकदम सभ्य गृहस्थ — काळा कोट, पांढरे हातमोजे. कुलूप न तोडता तिजोरी रिकामी करायचा, आणि घरात बाई दिसली की अदबीने वाकून निघून जायचा. दुपारी ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. माहेरी आल्यापासून ती हसली ती या पुस्तकापायीच.

"वैनी, असा चोर आपल्या पांढुर्ण्यात काऊन येत नसन व?"

उन्हाळ्यातली एक दुपार. संध्याकाळी सोनार येणार होता. ताईच्या पाटल्या आटवून माझ्यासाठी गोफ करायचा, असं यांनी ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं, आणि ताईला तर पत्ताही नव्हता. जेवणं झाल्यावर यांनी पाटल्या काढून पाहिल्या, लाल फडक्यात घट्ट गाठ मारून परत ठेवल्या, कुलूप लावलं. किल्ली करदोड्याला. आणि मधल्या खोलीत तिजोरीसमोरच सतरंजी टाकून झोपले.

मी ओसरीत तूर निवडत होते. ताई मधल्या खोलीच्या दाराकडे पाठ करून वाचत होती. मी सहज मान वर केली... तर मधल्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. लांब काळा कोट, हातांत पांढरे मोजे. एवढ्या उकाड्यात कपाळावर घामाचा थेंब नाही. मला वाटलं, यांचा नागपूरकडचा कोणी व्यापारी असेल. मी पदर डोक्यावर ओढला. तो ताईच्या मागे थांबला, तिच्या पाठीला वाकून नमस्कार केला आणि पुढच्या दाराने निघून गेला.

"ताई, कोण होते व ते?"

"कोण?"

मी उठून दाराशी गेले. दाराला आतून कडी होती.

सोनार आला. यांनी तिजोरी उघडली. फडकं जागेवर, गाठ जशीच्या तशी. गाठ सोडली, तर आत काहीच नाही.

मी जे पाहिलं ते सांगितलं. यांनी सोनारासमोर माझ्या थोबाडीत मारली.

"हे पुस्तकं वाचून चोरी शिकली, अन तू तिले साथ देऊन राहिली!"

ताईची ट्रंक अंगणात उपडी केली. दोन-चार पातळं, फणी, नवऱ्याचा एक फोटो. पाटल्या नव्हत्या.

"दादा, किल्ली तुह्या कमरेले होती," ताई एवढंच म्हणाली. रडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सौंसरच्या मोटारीत बसवून सासरी धाडली. सोबत निरोप — हिच्यावर लक्ष ठेवा, हिला चोरीची खोड आहे.

सासरच्यांनी तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. दिवसभर संत्र्याच्या बागेत राबायची, असं तिकडून येणारी एक ओळखीची बाई सांगायची. मी भेटायला जाते म्हटलं की हे म्हणायचे, "गेली तर तिकडंच राहाय."

नागपूर तिकडे गेलं. पुढच्या हिवाळ्यात ताईला ताप भरला आणि त्यातच ती गेली. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी यांनी कामासाठी तिजोरी उघडली आणि मला हाक मारली. आवाज यांचा वाटेना. आत लाल फडकं, गाठ मारलेलं. सोडलं, तर पाटल्यांचा जोड!

हे भिंतीला टेकून खालीच बसले. लोक म्हणतील, यांनीच लपवल्या असतील. मलाही तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी यांचा चेहरा पाहिला आहे. एवढे भ्यालेले हे मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

"सौंसरले कळवा," मी म्हटलं. "तिच्यावरचा डाग तरी पुसा."

"मेलेल्या माणसाले कायचा डाग? अन आपली काय अब्रू राहीन? चूप राहाय."

पाटल्या यांनी नागपूरला नेऊन मोडल्या. तेव्हा मात्र हद्द आडवी आली नाही.

दुसरी किल्ली असेल, तुम्हाला डुलकी लागली असेल, पुस्तकातलं डोळ्यांसमोर आलं असेल... सगळं ऐकून झालं आहे. मग परत कोणी ठेवल्या? मला माहीत नाही. आणि तो कोटवाला जो कोणी होता, त्याच्यावरही माझा राग आहे. ती जिवंत असताना ठेवल्या असत्या तर त्याचं काय बिघडलं असतं?

हे वारल्यावर मी सौंसरला गेले. ताईचा दीर बागेत खाटेवर बसला होता, पार म्हातारा झालेला.

"कुमुदताईबद्दल सांगाले आली," मी म्हटलं.

"कोण कुमुद?"

मग त्याला आठवलं. "हौ हौ... ते चोट्टी!"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि सुनेला हाक मारून म्हणाला, "पाहुण्याबाईले चहा ठेव व."