कोकमाचा ग्लास भरलेलाच होता

मंडळी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

माझी आई मासळी बाजारात बसते. गुडघे धरतात म्हणून रोज पहाटे कोऱ्या चहाबरोबर दुखण्याची गोळी घेते आणि जेट्टीवर लिलावाला जाते. भाकरी थेट दुपारी, मासळी संपल्यावर. पोटात जळजळलं की कोकम सरबत.

आज सकाळी तिला लालसर काळपट उलटी झाली. मला वाटलं, कोकमच पडलं. सरबत मीच करून ठेवलं होतं. तिला निजवलं आणि ओट्यापाशी गेले, तर ग्लास झाकलेला, काठोकाठ भरलेला.

म्हणजे ते कोकम नव्हतंच, रक्त होतं. मी रिक्षाला फोन केला. रिक्षा येईपर्यंत आई घामाने भिजली होती.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पोटाचं अस्तर सोललंय, जखमेतून रक्त येतंय. "संडासला काळं होत होतं का?" आईने होकारार्थी मान हलवली. मला कधी बोलली नाही.

"खाऊन घेतली तरी अशी रोज घ्यायची नाही," ते म्हणाले. "लागतच असेल तर जोडीला पोट सांभाळणारी गोळी द्यावी लागते. ते आम्हाला ठरवू दे."

आता रक्त थांबलंय.

मघाशी बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या मावशीचा फोन आला. "कशी हाय गो आई?" मग म्हणाली, "तीच गोळी आमी सगळ्याजणी घेतो. तुझ्या आईनंच दिलीन."

उद्या लिलावाआधी मी जेट्टीवर जाणार आहे. तुमच्या घरात उपाशीपोटी गोळी कोण घेतंय, आज विचाराल?