सोपेच्या बशीतलं नाणं

माझा हात मला न विचारता कामं करतो, हे लहानपणापासूनचं आहे. बोटं टेबलावर वाजतात, पाय हलतो, काहीच नाही तर खिशातली चिल्लर खुळखुळते. आई ओरडायची, "पाय हलवू नको मेल्या, घरातली लक्ष्मी जाते." वडील कचेरीत कारकून, लक्ष्मी आमच्याकडे बेताचीच होती. पण जी होती ती काही माझ्या पायामुळे गेली नसावी.

पंचविशीत मी कपाशीवरच्या फवारणीच्या औषधांचा सेल्समन झालो. दिवस असे होते की बोंडअळी मरत नव्हती आणि कापसाचा भाव उठत नव्हता. मला येताना पाहून दुकानदार शटर ओढून घ्यायचे तेवढे बाकी होते. आज वणी, उद्या यवतमाळ, जेवण रोज हॉटेलात. त्यामुळे टीप या विषयात माझा अभ्यास दांडगा.

बडीशेपेला आमच्याकडे सोप म्हणतात. बिल येतं ते सोपेच्या बशीत, आणि वेटरसाठी जे काही ठेवायचं तेही त्याच बशीत. वणीचे कोळशाचे ट्रकवाले न पाहता नोट टाकायचे. मास्तर लोक टाकायचे, पण ओळखीचं कोणी बघत असेल तर. कापूस विकून आलेला माणूस त्या दिवशीच्या भावावर ठरवायचा. भाव पडले तशी बशीतली नाणी सगळ्यात आधी गेली, सोप मात्र लोक मूठभरून खात राहिले. आणि मी? मला सुटे परत यायची वाट पाहवायची नाही. बशी समोर आली की बिलाचे पैसे, वर पाच रुपयांचं नाणं, आणि मी बाहेर. लोकांना वाटायचं, पोरगा दिलदार आहे. दिलदार कसला डोंबलाचा!

यवतमाळच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात मी दर शनिवारी जेवायचो. तिथले एक वेटर माझ्या वडिलांच्या वयाचे. मी न सांगता कांदा-लिंबू जास्तीचं आणायचे. टेबलावरून फडकं एकदा फिरलं की नाणं शर्टाच्या खिशात गेलेलं असायचं. "थँक्यू साहेब" म्हणायचे तेव्हा नजर पुढच्या टेबलावर. दोन वर्षं मी त्यांना 'भाऊ, रोटी आणा' म्हणत आलो आणि नाव एकदाही विचारलं नाही.

त्या साली दिवाळीनंतर वणीजवळ मुकुटबनला पोरगी पाहायला गेलो. आई, मामा आणि मी. गावात घराघरात पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, कारण त्या भावात कोणी विकायला तयार नव्हतं. या घरातली खोली तेवढी रिकामी, झाडून-पुसून त्यात सतरंजी टाकलेली. पोरीचे वडील यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला कंपनीत सुपरवायझर, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. दारात हात जोडून उभे होते ते माझे शनिवारचे वेटर.

त्यांनीही मला ओळखलं असणार, कारण पाहुण्यांच्या पायावर पाणी घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आई-मामा आत गेले तसे ते हळूच म्हणाले, "साहेब, घरी मी कंपनीत हाये असंच सांगतलं हाये. बायकोले माहीत नाही, पोरीले माहीत नाही. वावरात काही उरलं नाही म्हणून गेलतो, मंग सांगाची हिंमतच नाही झाली. तिचं तेवढं जमू द्या."

"मी कशाला बोलतो काका," मी म्हटलं. 'काका' तोंडातून कसं निघालं, देव जाणे.

पोरगी पोहे घेऊन आली. मामानं नेहमीचं विचारलं, स्वयंपाक येतो का? "येते. तुमाले काय आवडते ते सांगा, मंग सांगते येते का नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमी फवारणीचं औषध विकता ना? त्यानं अळी मरते का?"

"मरते," मी म्हटलं. "कधी कधी."

ती खळखळून हसली. खरं सांगतो, मला ती तिथंच आवडली. आता बसवेना. पाय हलायला लागला, आईनं चिमटा काढला.

मामानं काकांना विचारलं, "कोणती कंपनी म्हटली तुमची?" काका सतरंजीची सुरकुती सरळ करायला लागले. मी मध्येच बोललो, "अहो मामा, मोठी कंपनी आहे. मी पाहिलेली आहे." खोटं इतकं सफाईनं निघालं की माझंच मला कौतुक वाटलं. पण आता घाईही सुटली. लवकर उठावं, होकार कळवावा, आणखी कोणी काही विचारायच्या आत इथून सटकावं. चहा संपला. पोरीनं सोपेची बशी माझ्यासमोर धरली, आणि मी सोप घेतली नाही तोच माझा हात खिशात गेला.

टण्ण.

पाचचं नाणं बशीत. मी पाहतोय, आई पाहतेय, आणि काकांचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला. दुपट्टा सतरंजीवरून फिरला, बशीला लागून गेला, नाणं खिशात. "थँक्यू साहेब," ते म्हणाले. नजर मामाच्या रिकाम्या कपाकडे.

मामानं मांडीवर थाप मारली. "हात्तिच्या! तरीच मी म्हणतो, यांना कुठं पाहिलं! बसस्टँडजवळच्या हॉटेलात वाढता ना तुम्ही?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पोरीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिनं बशी मामापुढे केली, "सोप घ्या." मामानं निमूट घेतली. बापासमोर तिनं तळहात पसरला. "द्या बाबा." त्यांनी खिशातून नाणं काढून दिलं. ते तिनं माझ्यासमोर सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाली, "घरी नाही घेत आमी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, हे तरी. मी नाणं उचललं आणि चप्पल शोधायला लागलो.

वणीच्या बसमध्ये मामा म्हणाला, नाही. आई म्हणाली, "वेटर असते तरी चाललं असतं, पण खोटं बोलले." तिथं खोटं तर मीही बोललो होतो, आणि काकांपेक्षा मोठ्या आवाजात. आईनं मग सरळ विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" खिडकीबाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." मामानं दुसऱ्याच दिवशी नकाराचा निरोप पाठवला.

तीन शनिवार मी त्या रस्त्यानं गेलोच नाही. चौथ्या शनिवारी मात्र राहवेना, गेलो. ते पाण्याचा ग्लास घेऊन आले, टेबल पुसलं.

"काय आणू साहेब?"

"काका, घरी… घरी कसं आहे?"

"बायको दोन दिवस बोलली नाही. मंग बोलली. म्हणे, वेटर त वेटर, पण घरी जेवाले वाढाले काहून जिवावर येते तुमच्या." ते जरासे हसले. "पोरगी माह्यावर नाही चिडली. मामाजीचा निरोप आला तवा तिनं एकच इचारलं, बाबा, पोरगा काय म्हणे?"

माझी बोटं टेबलाच्या कडेवर धावत होती. "मग?"

"मी सांगतलं, पोराले कोणी इचारलंच नसन. आपल्याकडं पोराले कोण इचारते? मोठेच ठरवते सारं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. "तसंच झालं असन ना साहेब?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनाही तेच हवं होतं, घरी जाऊन पोरीला सांगायला.

"विचारलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या टेबलाची ऑर्डर घ्यायला गेले.