फुकटचं आणि चोरीचं

दसऱ्याला जवाहरनगरात मामाजींच्या क्वार्टरमध्ये पूजेसाठी त्यांच्या सुरू असलेल्या कंप्युटरशेजारी मी माझा लिनक्सवाला लॅपटॉप मांडला. मामाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, अन् फुकटचं सॉफ्टवेअर कायले वापरून राहिली?"

माझ्या पदवीवर बोट ठेवलेलं मी ऐकून घेत नाही. "तुमचंही फुकटचंच आहे, मामाजी. माझं बनवणाऱ्यांनीच वाटलेलं आहे, तुमचं चोरलेलं." त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात परवाना विकत घ्या म्हणणारी सूचना कितीतरी वर्षं तशीच होती.

मामींनी कुंकवाचं बोट नेमकं त्या सूचनेवर टेकवलं. मग माझ्या लॅपटॉपसमोर त्या थबकल्या. "तुह्यावर कुठं लावू? झाकायसारखं त काहीच नाही."