नावावर न जाणारे सर

सरांना राग आला की माऊस भिंतीवर जायचा. वसमतच्या बसस्टँडमागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथेच शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. माझ्यादेखत सात माऊस फुटले. आठवा सुजाता नावाच्या विद्यार्थिनीच्या कपाळावर बसला.

तिने एका फोटोचं नाव बदलून त्याच्या शेवटी पीडीएफ लिहिलं होतं आणि पीडीएफ झाली म्हणून खूश होती. "नाव बदलल्यानं फाईल बदलती काय गं? पोटात हाय तेच राहते! पहिले बाईट बघ!" सर ओरडले. तिच्या कपाळातून रक्त आलं. सरांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून सगळ्यांना दिला. तो फाईलचे सुरुवातीचे बाईट, म्हणजे आत दडलेली तिच्या प्रकाराची खूण वाचून, नावाकडे न बघता सांगायचा, हा फोटो, ही पीडीएफ.

तीन वर्षांनी सुजाताची आई जवळा बाजारहून मेमरी कार्ड घेऊन आली. "माझं लेकरू, सुजाता, पायऱ्यावरून पडून मेलं म्हणून राहिले तिच्या सासरचे. तिनं हे माझ्यापाशी ठेवलं व्हतं. म्हनली, काही झालं तर सरांकडं ने."

कार्डावर 'हळद पावती' नावाची एकच पीडीएफ होती. ती उघडेना. प्रोग्राम म्हणाला, ओळख पटली नाही. मी कार्ड परत करणार होते.

"थांब. व्हिडिओची खूण पहिले चार बाईट सोडून असते. तिथून वाच," सर म्हणाले.

व्हिडिओच होता, सुजाताने फोन लपवून काढलेला आणि नाव बदलून ठेवलेला. नवरा तिला गजाने मारत होता आणि म्हणत होता, "पायऱ्यावरून ढकलीन. कोनाला कळनार न्हाई." सरांनी आईला लगेच पोलिसांकडे जायला सांगितलं.

आईने तक्रार दिली. पण पोलीस कार्ड न्यायला येण्याआधी, तक्रारीची कुणकुण लागलेला नवराच दोन भावांना घेऊन क्लासमध्ये घुसला.

"कार्ड दे."

"न्हाई," सर म्हणाले.

त्यांनी सरांचा उजवा हात टेबलावर दाबला आणि गजाने एकेक बोट फोडलं. कार्ड माझ्या मुठीत होतं. सर किंचाळत होते, पण माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. स्टँडवरची माणसं धावून आली तेव्हा कुठे ते थांबलं.

दवाखान्यात मी रडत म्हटलं, "सर, मी देऊन टाकायला पाहिजे होतं."

"गप बस." मग बँडेजकडे बघत ते हळूच म्हणाले, "याच हातानं माऊस फेकला व्हता मी तिच्यावर."

नवऱ्याला जन्मठेप झाली. सरांची बोटं पुन्हा वळली नाहीत. गेल्या वर्षी ते गेले. मला त्यांची फार आठवण येते.

क्लास आता मी चालवते. कुणी चुकलं की माझाही हात माऊसवर आवळतो. मग मी तो हात मांडीखाली दाबून बसते आणि म्हणते, "पहिले बाईट बघा."